लायटर कुणाकडे आहे?

केक मध्यावर ठेवलेला असतो. त्यात आकड्याची मेणबत्ती खोचलेली असते. उत्सवमूर्ती खुर्चीवर चढून उभी असते, आजीच्या हातात औक्षणाचं ताम्हण असतं आणि त्यातलं निरांजनही अजून लावायचं असतं. मामाने मोबाइल आडवा धरून व्हिडिओ चालूही केलेला असतो. चौदा-पंधरा माणसं टाळ्या वाजवायच्या पवित्र्यात उभी असताना कुणीतरी विचारतं, ‘‘अरे, लायटर कुणाकडे आहे?’’ आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

आधी देवघरातली काडेपेटी येते. ती सादळलेली असते. पहिली काडी गूळ घासल्यासारखी नुसतीच घासली जाते, दुसरीचं डोकं उडतं, तिसरी पेटते न पेटते तोच पंखा तिचा निकाल लावतो. मग स्वयंपाकघरातून गॅसचा लायटर येतो आणि काका तो मेणबत्तीच्या वातीपाशी धरून खटाखट वाजवायला लागतात. ठिणगी पडते, वात ढिम्म. शेगडीतून गॅस येतो म्हणून ती ठिणगीने पेटते, मेणबत्तीतून गॅस येत नाही, हे बारावीला शास्त्र शाखेला असलेली पुतणी सांगू बघते, पण काकांचा वेग वाढतच जातो. पाचव्या-सहाव्या खटक्याला लायटरचं नाक क्रीममध्ये रुततं. शेवटी मेणबत्तीच उपटून शेगडीवर पेटवून आणायची ठरते. काकू ओंजळीचा आडोसा करून स्वयंपाकघरातून निघतात आणि दिवाणखान्याच्या उंबऱ्यात ज्योत विझते. ‘‘पंखा बंद करा म्हटलं होतं ना!’’ तोवर उत्सवमूर्तीने चेरी खाल्लेली असते.

अशा वेळी कोपऱ्यात उभे असलेले जावई एक अवघड निर्णय घेतात. हात सावकाश पँटच्या खिशात जातो, निळा लायटर बाहेर येतो, अंगठा एकदा फिरतो, आणि मेणबत्ती पेटते. टाळ्या, गाणं, औक्षण, सगळं यथासांग होतं. सासूबाई मात्र आधी ज्योतीकडे बघतात आणि मग जावयांकडे.

‘‘अहो, तुमच्याकडे कसा काय लायटर?’’

‘‘ट्रेकला लागतो, आई.’’

लग्नानंतर जावई एकदाच ट्रेकला गेले आहेत. सिंहगडावर. गाडीने.

लायटर ही वस्तू चमत्कारिक खरी. लागते सगळ्यांना, बाळगतो एखादाच, आणि जो बाळगतो त्याच्याकडे घरदार संशयाने बघतं. खिशाला पेन लावणाऱ्याला कुणी ‘कविता करतोस काय रे’ असं विचारत नाही. लायटरवाल्याला मात्र प्रत्येक वेळी खुलासा द्यावा लागतो. उदबत्ती, निरांजन, लाइट गेल्यावरची मेणबत्ती, फुलबाजी, बुटाच्या नाडीचं सुटलेलं टोक, मखराच्या नायलॉनच्या दोरीचे निघालेले धागे, इतक्या ठिकाणी ती वस्तू उपयोगी पडते. पण आईने कपडे धुवायला टाकताना मुलाच्या जीन्समधून लायटर काढला, तर यातलं एकही कारण टिकत नाही. तिथे चालणारं उत्तर एकच, आणि ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय: ‘‘मित्राचा आहे.’’ गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते खरं असतं.

पणजोबांच्या वेळी ही अडचण नव्हती. कमरेला चंची असे. कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, गुंडाळून वरून दोरी आवळायची. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, अडकित्ता, तंबाखू आणि एका कप्प्यात चकमक, गारगोटी नि चिमूटभर शेवरीचा कापूस. लोखंडाचा तुकडा गारेवर घासायचा, ठिणगी कापसावर झेलायची आणि फुंकर मारत बसायचं. विडी पेटेपर्यंत दोन माणसांची सुखदुःखं सांगून व्हायची. परदेशात अलीकडे खिशातल्या वस्तू टेबलावर ओळीने मांडून त्यांचे फोटो काढायची हौस आहे. तिला ‘एव्हरीडे कॅरी’ म्हणतात. चाकू, टॉर्च, किल्ल्या, छोटी वही आणि लायटर. चंची उलगडून शेजारी ठेवली तर यातलं नवं काय, असा प्रश्न पडावा. शिवाय चंचीत पान होतं.

आता लायटर हा काडेपेटीचा शहरी नातू आहे, असा सगळ्यांचा समज असतो. वंशावळ उलटी आहे. योहान वोल्फगांग ड्योबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने येना इथे १८२३ साली लायटर बनवला. इंग्लंडमधल्या स्टॉकटनच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याने घासून पेटणारी काडी विकायला काढली ती १८२७ साली. म्हणजे लायटर काडीपेक्षा चार वर्षांनी मोठा. अर्थात ड्योबेरायनरचा लायटर खिशात घालायचा नव्हता. काचेच्या बरणीत सौम्य गंधकाम्ल, त्यात लोंबकळणारा जस्ताचा तुकडा, त्यातून निघणारा हायड्रोजन आणि तोटीसमोर प्लॅटिनम. वायू प्लॅटिनमवर गेला की आपोआप पेटायचा. यंत्र झकास होतं, पण ते बंडीच्या खिशात घालून कुणी एसटीत चढलं असतं तर बंडीचं आणि शेजारच्या प्रवाशाचं काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

लायटर खिशात आणला तो एका खड्याने. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०३ साली लोह आणि सेरियम गटातल्या धातूंचा एक मिश्रधातू पेटंट केला. चाकाने तो खरवडला की त्याचे बारीक कण हवेत आपले आपण पेट घेतात. आपण त्याला अजूनही ‘चकमकीचा खडा’ म्हणतो. त्यात ना चकमक आहे, ना गारगोटी. तरीही नाव टिकलं, कारण ठिणगी पडली की मराठी माणसाला आठवते ती चकमकच.

आता निवडीकडे वळावं. ती होते टपरीवर.

पुठ्ठ्याच्या खोक्यात पन्नासेक लायटर उभे खोचलेले असतात. लाल, निळे, हिरवे, पिवळे, खारकेएवढ्या जाडीचे. गिऱ्हाईक आधी रंग बघतं. मोटारसायकल घेताना जेवढा विचार होतो तेवढाच इथेही, मग किंमत दहा-वीस रुपये का असेना. मग एक लायटर उचलून उजेडाकडे धरला जातो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत द्रव कुठवर आहे ते बघायचं असतं. जाणकार तो किंचित तिरका करतात, म्हणजे पातळी हलते आणि आतली मधली भिंत दिसते. मग अंगठा. पहिल्या फटक्याला पेटला तर मान हलते, दुसऱ्याला पेटला तर कपाळाला आठी पडते आणि तिसऱ्यालाही पेटला नाही तर तो लायटर निमूटपणे खोक्यात परत जातो, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. टपरीवाला हे सगळं बघत असतो आणि काही म्हणत नाही. त्याला ठाऊक असतं की खोक्यातला प्रत्येक लायटर शेवटी कुणाच्या तरी नशिबात असतो.

या परीक्षेत एक महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लायटर चाकाचा आहे की खटक्याचा? चाकाच्या लायटरमध्ये खडा असतो, स्प्रिंग असते आणि अंगठ्याला थोडे कष्ट असतात. खटक्याच्या लायटरमध्ये बटण दाबलं की एक चिमुकली हातोडी एका स्फटिकावर आपटते आणि त्यातून काही हजार व्होल्टची बारीक ठिणगी उडते. दाबाने स्फटिकात वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं होतं. तीच युक्ती स्वयंपाकघरातल्या लायटरची. खटका चालतो तोवर रुबाबदार. बिघडला की मात्र त्याचं दुखणं कुणाला कळत नाही, कारण आत बघण्यासारखं काही नसतंच. चाकवाला म्हातारपणी कुरकुरतो, पण सांगून. खडा झिजला की चाक सैल फिरायला लागतं, ठिणगी पिवळी पडते. गॅस संपला तरी ठिणगी शिल्लक राहते आणि तिच्यावर निदान शेगडी पेटते. पावसात भिजला तर चाक चार वेळा पँटवर रगडायचं, फुंकर मारायची, थोडा वेळ हातात धरायचा. रोज खिशात ठेवायचा असेल तर चाकच बरं, मग अंगठ्याला काळं लागलं तरी चालेल.

आतल्या द्रवाचीही एक तऱ्हा आहे. तो ब्यूटेन. साध्या तापमानाला तो वायू असतो, पण वातावरणाच्या साधारण दुप्पट दाबाखाली द्रव होऊन डबीत बसतो. झडप उघडली की भुस्कन बाहेर. पण तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे थंडी शून्यावर आली की त्याला बाहेर यायचा उत्साहच राहत नाही. महाबळेश्वरला सहसा ही वेळ येत नाही, पण पुण्या-मुंबईचे ट्रेकर हिमालयात जातात तेव्हा पहाटेच्या तंबूत हा प्रकार हमखास घडतो. स्टोव्ह तयार, चहा-साखर तयार, आणि लायटर नुसताच टकटक करतोय. त्यावर उपाय सोपा आहे. रात्री झोपताना लायटर आपल्याबरोबर स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा. बायकोने लग्नात दिलेलं घड्याळ घरी विसरलं तरी चालतं, लायटरला मात्र ऊब लागते. खटक्याचे लायटर तर उंचीवर विरळ हवेत हमखास रुसतात. म्हणून अनुभवी म्होरके चाकवाला घेतात आणि जोडीला मेणात बुडवलेल्या काड्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात. लायटरवर पूर्ण विश्वास टाकणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा त्याच्याकडे दुसरा लायटर असतो.

थंडीची दुसरी बाजू नागपूरकरांनी ऐकावी. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर ठेवू नये. आतला दाब वाढतच जातो, आणि बारकं प्लॅस्टिक किती सोसणार? लायटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात लायटर ६५ अंशांत चार तास ठेवून बघायची परीक्षा आहे, आणि दीड मीटर उंचीवरून खाली पाडून बघायचीही आहे. मराठी घरातली परीक्षा याहून कडक असते. जीन्सच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये, पाऊण तास, गरम पाणी, नंतर ड्रायर. त्यातून पेटता निघालेला लायटर बारशाच्या पाळण्यातल्या मुलासारखा घरभर दाखवला जातो.

वापरा आणि फेका, ही लायटरची विद्या फ्रेंच. मार्सेल बिक याने पेनं स्वस्त केली, मग १९७३ साली लायटर आणला. अंडाकृती, न भरता येणारा. तीन हजार वेळा पेटेल, असा त्याच्या मोठ्या लायटरबद्दल कंपनीचा दावा आहे. हा दावा खोटा ठरवायची संधी आपल्याकडे कुणालाच मिळत नाही, कारण चाळिसाव्या वेळेपर्यंत लायटर दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो.

आणि ‘फेका’ हा शब्द मुळात आपल्याला मानवणारा नव्हता. एके काळी शहरातल्या फूटपाथवर चादर पसरून लायटर भरणारे बसत. परदेशातून आलेला, भरायची सोयच नसलेला लायटर हातात घेऊन ते त्याच्या बुडाला बारीक भोक पाडत, त्यात झडप बसवत आणि गॅस भरून परत देत. फ्रान्सच्या इंजिनिअरांनी मरणार म्हणून जन्माला घातलेली वस्तू चार रुपयांत पुनर्जन्म घेऊन निघे. आजच्या स्वस्त लायटरांतले कितीतरी चीनच्या हुनान प्रांतातल्या शाओदोंग शहराकडचे असतात. तिथे साध्या लायटरची किंमत वीसेक वर्षं एका युआनच्या आसपास राहिली, याचं जगाला कौतुक आहे. आपल्या टपरीवर येईपर्यंत त्याच्या बुडाला टॉर्च लागलेला असतो. हा टॉर्च लायटरपेक्षा जास्त जगतो. म्हणून पुष्कळ घरांत चावीच्या खिळ्याला टॉर्च म्हणून एक मेलेला लायटर टांगलेला दिसतो.

ज्याला टपरीचा लायटर शोभत नाही, तो झिप्पोकडे जातो. पितळेची, हाताला भरीव लागणारी ती डबी उघडताना होणारा ‘क्लिक्’ आवाज हाच तिचा अर्धा धर्म आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावात जॉर्ज ब्लेझडेलने १९३२ साली कंपनी काढली. कंपनीत सांगतात ती गोष्ट अशी: क्लबमध्ये एक मित्र बेढब ऑस्ट्रियन लायटरशी दोन्ही हातांनी झटापट करत होता. तू एवढा टापटिपीचा माणूस, जरा बऱ्यापैकी दिसणारा लायटर का घेत नाहीस, असं ब्लेझडेलने विचारलं. मित्राने सांगितलं की हा चालतो. ब्लेझडेलने त्या वाक्यावर धंदा उभा केला. पहिला झिप्पो १९३३ साली आला. वाऱ्यात विझू नये म्हणून ज्योतीभोवती भोकांची जाळी, आणि सोबत आजन्म हमी: चालला नाही तर फुकट दुरुस्त करून देऊ. किंमत होती एक डॉलर पंचाण्णव सेंट. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा सगळा माल अमेरिकन फौजांकडे गेला. पितळ मिळेना म्हणून ते पोलादाचे करून काळ्या खरबरीत रंगात रंगवले.

आजन्म हमी हा शब्द मराठी माणसाला फार आवडतो. फक्त झिप्पोची हमी यंत्राची असते, पेटण्याची नाही. त्यात गॅस नसतो, नॅप्थासारखा लायटरचा द्रव असतो, तो आतल्या कापसात मुरलेला असतो आणि वापरा अगर वापरू नका, आठ-दहा दिवसांत उडून जातो. म्हणून झिप्पोवाल्याचा एक वार ठरलेला असतो. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरायचं, आतला भाग उपसून काढायचा, खालची गादी उचलायची, थेंब थेंब सोडायचा, हात पुसायचे. दारात ठेवलेल्या रोपाची एवढी निगा झाली असती तर त्याला फुलं आली असती. जरा जास्त भरला आणि लगेच खिशात ठेवला तर मांडीला चरचरीत लाल चट्टा उठतो. द्रव महाग पडतो म्हणून मोटारसायकलमधलं पेट्रोल भरणारे महाभागही आहेत. त्यांच्या विडीला मग पेट्रोलपंपाचा वास येतो. एवढं करून गुरुवारी ट्रेन चुकल्यावर सिगारेट काढावी, ऐटीत क्लिक् करावं, आणि ठिणग्या नुसत्याच नाचाव्यात. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तो असा.

अर्थात लायटरमध्ये पेटण्यापलीकडेही काही असतं, हे देव आनंदने १९६१ सालच्या ‘हम दोनो’त दाखवलं. त्यातला लायटर वाजतो. जयदेव यांच्या त्या सुरावटीमुळे एका पिढीला वाटत राहिलं की लायटर घ्यावा तर तो वाजणारा. मग नव्वदच्या दशकात बाजारात खरोखरच वाजणारे लायटर आले. त्यांच्या सुरात ‘हॅपी बर्थडे’ ऐकल्यावर ती इच्छा पुरती विझली.

आता जेट लायटर. याची ज्योत निळी, टोकदार, फुस्स आवाज करणारी. कोकणकड्यावरच्या वाऱ्यातही पेटेल, असं विकणारा सांगतो आणि तो खोटं बोलत नाही. पण हा प्राणी खादाड आहे. गॅस चटकन संपवतो, तोटीचं भोक बारीक असल्यामुळे खिशातल्या कचऱ्याने तुंबतो आणि भर उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही. पेटला का हे बघायला बोट जवळ नेतात आणि मग समजतं. त्याच्याही पुढची पायरी यूएसबीवर चार्ज होणाऱ्या विजेच्या लायटरची. त्याला वारा लागत नाही, गॅस लागत नाही, खडा लागत नाही. लाइट गेल्यावर मेणबत्ती लावण्यासाठी जो लागतो, तो लाइट असतानाच चार्ज करून ठेवायचा. महावितरणशी एवढा घनिष्ठ संबंध ठेवणारा लायटर घरात आणणाऱ्याच्या धैर्याला दाद द्यायला हवी.

एवढीशी वस्तू, पण सरकारं तिच्यामागे हात धुऊन लागत आली आहेत. १९३४ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात काडेपेटीवर अबकारी कर बसवला, आणि त्याच वर्षी यांत्रिक लायटरवर कर बसवणारा वेगळा कायदाही केला. कर चुकवायला लोक काडी सोडून लायटर धरतील, ही भीती. त्याआधी १९२३ साली स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली होती. तिच्या आद्याक्षरांचं ‘विम्को’ झालं आणि अंबरनाथच्या कारखान्याने त्या गावाला नाकाच देऊन टाकला. आजही अंबरनाथला रिक्षात बसून नुसतं ‘विम्को नाका’ म्हटलं की पुरतं, काडीचा विषय काढावा लागत नाही. त्याच सुमाराला तामिळनाडूतल्या शिवकाशीचे दोन नाडर भाऊबंद १९२२ साली कलकत्त्याला जाऊन काडेपेट्या करायला शिकून आले आणि पुढे काडेपेटीचा मुलूखच तिकडे गेला.

त्या मुलखाने जवळपास शंभर वर्षांनी पुन्हा लायटरविरुद्ध तक्रार नोंदवली. काडेपेटी चौदा वर्षं एका रुपयाला होती, ती १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून प्लॅस्टिकच्या लायटरवर बंदी मागितली. एक लायटर वीस काडेपेट्यांची जागा खातो, असं त्यात म्हटलं होतं. दोन रुपयांच्या वीस पेट्या म्हणजे चाळीस रुपये, आणि दहाचा एक लायटर. तक्रार गणिताने तरी रास्तच होती. जून २०२३ मध्ये केंद्राने वीस रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली. टपरीवरचा खोका तरीही रिकामा झालेला दिसत नाही. त्याचं अर्थशास्त्र सांगायला टपरीवाला तयार असतो, पण गिऱ्हाईक घाईत असतं.

विमानतळावर तर लायटरची खरी पंचाईत. अमेरिकेत एक लायटर अंगावर ठेवून विमानात बसता येतं. आपल्याकडे हातातल्या बॅगेत नाही आणि सामानातही नाही. म्हणून सुरक्षा तपासणीच्या आधी पेटीत रंगीबेरंगी लायटरांचा ढीग साठतो. लोक चप्पल काढून देवळात जावं तसे लायटर टाकून पुढे जातात. परतल्यावर इथे तिथे आपली चप्पल सापडते, लायटर मात्र नाही. पुढे आत धूम्रपानाच्या खोलीत भिंतीत बसवलेल्या तापत्या तारेला तोंड लावून उभी असलेली माणसं बघितली की लायटरची खरी किंमत कळते. विडी-सिगारेट का ओढू नये, हे सिगारेटच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह छापलेलं असतंच, त्यामुळे इथे पुन्हा सांगायला नको.

एवढं सगळं तपासून, पारखून, चाकवाला, भरलेला, योग्य ज्योतीचा लायटर घेतला तरी तो भरवशाचा ठरेलच असं नाही. कारण लायटरचा मोठा दोष यंत्रात नाही, माणसात आहे. ‘‘दादा, जरा लायटर?’’ एवढं म्हणून तो घेतला जातो, वापरला जातो आणि घेणाऱ्याचा हात बोलता बोलता, अगदी निष्पापपणे, स्वतःच्या खिशात जातो. पेन चोरणाऱ्याला निदान अपराधी वाटतं. लायटरच्या बाबतीत अपराधाची जाणीवच होत नाही, कारण ज्याच्याकडून घेतला त्यानेही तो कुणाकडून तरी असाच आणलेला असतो. कार्यालयातल्या पाच जणांच्या टोळक्यात मिळून दोन लायटर असतात आणि ते वर्षभर फिरतात. जमिनीच्या सातबाऱ्यावर नावं असतात, तशी लायटरवर नसतात, एवढाच फरक.

टपरीवाल्याने या माणसाला कधीच ओळखलं आहे. म्हणून त्याचा लायटर सुतळीने बांधलेला असतो, आणि सुतळीचं दुसरं टोक बाटलीच्या क्रेटला. काही टपऱ्यांवर त्याहून जुनी व्यवस्था अजून टिकून आहे. खांबाला लटकवलेला काथ्याचा सुंभ, त्याचं टोक रात्रंदिवस धुमसतं. विडी तिथे टेकवायची, दोनदा ओढायची, झालं. त्याला गॅस लागत नाही, खडा लागत नाही, पावसाचं भय नाही, विमानतळाची बंदी नाही आणि तो कुणाच्या खिशात जात नाही. जळाला तरी पीळ कायम, हे तर म्हणीनेच सांगून ठेवलंय. लायटरच्या दर्जाची चाचणी घेणाऱ्यांनी कधीतरी एखाद्या टपरीवर उभं राहून सुंभाला किती गुण देता येतील, ते बघायला हरकत नाही. खिशात ठेवायची सोय नाही, एवढा एकच दोष.

दिवाळीत जावई सासरी गेले. संध्याकाळी पणत्या लावायच्या वेळी पुन्हा तोच गोंधळ झाला, काडेपेटी पुन्हा सादळलेली, आणि सासूबाईंनी या वेळी विचारलंच नाही, हात पुढे केला. ‘‘अहो, तुमचा तो ट्रेकचा लायटर द्या बरं.’’ जावयांनी निमूट काढून दिला. पणत्या लागल्या, आकाशकंदील लागला, मुलांच्या फुलबाज्या लागल्या, लक्ष्मीपूजन झालं.

रात्री घरी जाताना कोपऱ्यावर जावयांनी गाडी थांबवली आणि खिसे चाचपले. डावा, उजवा, शर्टाचा, मग पुन्हा डावा.

‘‘काय शोधतोयस?’’ बायकोने विचारलं.

‘‘किल्ली.’’

‘‘गाडी चालू आहे.’’

लायटर सासरी देवघराच्या खणात होता, सादळलेल्या काडेपेटीशेजारी. हिशेबाच्या वहीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलेलं होतं, आणि गॅस अजून निम्म्याहून जास्त होता.